मैदानाच्या नावामागचा मुलगा

गोल्फ क्लबचं मैदान सगळ्यांना माहीत आहे. हुतात्मा अनंत कान्हेरे किती जणांना माहीत आहे? फाशी गेला तेव्हा तो एफवायच्या मुलाच्या वयाचा होता. त्याची आणि त्याच्या हातातल्या पिस्तुलाची ही गोष्ट.

सायखेडा, चांदोरी, निफाडकडून रोज एसटीनं नाशिकला कॉलेजला येणाऱ्या कुणालाही विचारा, गोल्फ क्लबचं मैदान कुठे आहे? लगेच रस्ता सांगेल. तिथे रणजीचे सामने होतात, मोठ्या सभा होतात, मित्रांना भेटायचं ठिकाण म्हणूनही ते सोयीचं आहे. आता विचारा, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान कुठे आहे? निम्मे जण मोबाइल काढून मॅप उघडतील. खरं तर मैदान एकच. पहिलं नाव बोलण्यातलं, दुसरं पाटीवरचं.

पाटीवरचं हे नाव ज्याचं, तो मुलगा १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. वय अठरा. आजच्या हिशोबानं बारावी होऊन नुकतंच कॉलेजचं आयकार्ड गळ्यात आलेलं. मतदार यादीत नाव नोंदवायचं वय.

अनंतबद्दल जे थोडंफार ऐकलेलं असतं, ते एका ओळीत संपतं: नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला त्यानं नाट्यगृहात गोळ्या घातल्या. पण हे पिस्तूल त्याच्या हातात आलं कुठून? पिस्तूलच का, रिव्हॉल्व्हर का नाही? ऐनवेळी ते चाललं नसतं तर? आणि मुळात कोकणात जन्मलेला हा मुलगा नाशिकला पोहोचला कसा? ती एक ओळ उघडली की आत बरंच काही सापडतं.

कोकण, इंदूर, औरंगाबाद

अनंत लक्ष्मण कान्हेरे याचा जन्म १८९२ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या आयनी गावातला. घरात दोन भाऊ, दोन बहिणी. कोकणातल्या त्या काळच्या अनेक घरांसारखंच हेही घर पोटापाण्यासाठी आणि शिक्षणासाठी घाटावर विखुरलं. अनंतचं प्राथमिक शिक्षण निजामाच्या राज्यातल्या इंदूरला, म्हणजे आजच्या तेलंगणातल्या निजामाबादला झालं. इंग्रजी शिक्षणासाठी तो औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला मामांकडे आला.

औरंगाबादेत त्याची गंगाराम रूपचंद श्रॉफ या मारवाडी तरुणाशी घट्ट मैत्री झाली. इतकी, की पुढे तो त्याच्याच जागेत राहायला गेला. या मैत्रीवर त्यानं मित्रप्रेम नावाची छोटी कादंबरीही लिहिली. हे मुद्दाम सांगतोय, कारण फाशी गेलेल्या माणसांचे आपल्या डोक्यात फक्त पुतळे असतात. मित्रावर कादंबरी लिहिणारा सतरा वर्षांचा मुलगा त्या पुतळ्यात दिसत नाही.

याच दोघांची आणखी एक गोष्ट सांगतात. तू किती सोसू शकतोस, अशी पैज लागली आणि अनंतनं दिव्याच्या तापलेल्या काचेवर हात ठेवला, तो हलवला नाही. गोष्ट किती खरी, किती रंगवलेली, हे बाजूला ठेवू. पण हॉस्टेलच्या खोलीत रात्री अशा पैजा लागतात, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. फरक एवढाच, की या पैजेच्या मागे एक गुप्त संघटना उभी होती. येवल्याचे टोणपे आणि नाशिकचा गणू वैद्य यांच्या ओळखीतून अनंत नाशिकच्या क्रांतिकारकांच्या संपर्कात आला.

त्या वेळी औरंगाबादहून नाशिकला रेल्वेनं यायचं तर मनमाडला गाडी बदलायची. मग लासलगाव, निफाड करत गाडी नाशिकरोडला पोहोचायची. म्हणजे आपल्याच तालुक्यातून जाणारी ही लाइन. आज जिच्यावरून कांदा देशभर जातो, तिच्यावरूनच तेव्हा निरोप, पत्रकं आणि माणसं इकडून तिकडे जात होती.

नाशिक तापलेलं होतं

१९०४ मध्ये विनायक दामोदर सावरकर आणि त्यांच्या साथीदारांनी अभिनव भारत ही गुप्त संघटना उभी केली. तिचं मूळ नाशिकच्या मित्रमेळ्यात. सावरकर १९०६ साली शिक्षणासाठी लंडनला गेले, तरी नाशिकचं काम थांबलं नाही. त्यांचे थोरले बंधू बाबाराव इथेच होते. १९०९ मध्ये देशभक्तीपर कविता छापल्याबद्दल बाबारावांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि जूनमध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कविता छापल्या म्हणून जन्मठेप! नाशिकमधल्या तरुणांच्या मनात हा राग साचला आणि तो एका माणसाकडे वळला. जिल्ह्याचा कलेक्टर, ए. एम. टी. जॅक्सन.

इथे थोडं थांबायला हवं, कारण जॅक्सन हा सिनेमातल्या गोऱ्या साहेबासारखा सपाट माणूस नव्हता. संस्कृतचा तो चांगला जाणकार होता, पंडित जॅक्सन म्हणून ओळखला जायचा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधल्या गुजरातच्या इतिहासावर त्यानं काम केलं होतं. लोककथा, लोकसमजुती तो गोळा करायचा. त्याच्या मृत्यूनंतर हे टिपण पुस्तकरूपानं प्रसिद्ध झालं, त्यातला एक भाग कोकणावरचा आहे. ज्या कोकणातून अनंत आला, त्याच कोकणातल्या समजुतींची टिपणं जॅक्सनच्या कागदांत होती.

पण कलेक्टर हा शेवटी राज्याचा हात. बाबारावांवरची कारवाई त्याच्याच कारकिर्दीत झाली होती. तो लोकांत मिसळतो, संस्कृत बोलतो, म्हणूनच जास्त धोकादायक आहे, असंही क्रांतिकारकांपैकी काहींना वाटत होतं. नाशिकमध्ये कृष्णाजी गोपाळ कर्वे यांनी स्वतःचा गट बांधला होता. कर्वे कायद्याचं शिक्षण घेत होते. त्यांच्यासोबत विनायक नारायण देशपांडे होते, ते शिक्षक. दोघेही विशीतले. या गटानं जॅक्सनला मारायचं ठरवलं.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

आता हत्याराकडे येऊ. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं सामान्य भारतीयाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती. हत्यार बाहेरूनच आणावं लागणार होतं. ते आलं लंडनहून. सावरकर राहत त्या इंडिया हाउसमध्ये चतुर्भुज अमीन नावाचा स्वयंपाकी होता. १९०९ च्या सुरुवातीला तो भारतात परतला, तेव्हा त्याच्या पेटीच्या दुहेरी तळात वीस ब्राउनिंग पिस्तुलं लपवलेली होती. अनंतच्या हातात आलं ते याच खेपेतलं.

आपण सिनेमात आणि मोबाइल गेममध्ये पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे शब्द कसेही वापरतो. दोन्ही वेगळी हत्यारं आहेत. रिव्हॉल्व्हरमध्ये मधोमध फिरणारं चक्र असतं, त्यात पाच-सहा काडतुसं बसतात. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकतं. एखादं काडतूस फुसकं निघालं तरी अडत नाही. पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. त्या काळी इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचं ते वेब्ली रिव्हॉल्व्हर याच जातीचं. धूळ, पाऊस, वर्षानुवर्षांचा वापर, सगळं सहन करणारं. पण वजन किलोभराच्या पुढे, आणि मधलं चक्र असं फुगीर, की कोटाखाली लपवणं कठीण.

ब्राउनिंगचं पिस्तूल त्या काळी नवलाचं होतं. ते ज्याच्या डोक्यातून निघालं तो जॉन ब्राउनिंग अमेरिकेच्या युटाचा, पण पिस्तुलं बनायची बेल्जियममधल्या एफएन कारखान्यात. त्याच्या १९०० सालच्या गाजलेल्या मॉडेलचं वजन साधारण सव्वासहाशे ग्रॅम. मुठीतल्या मॅगझिनमध्ये सात काडतुसं. आकार चपटा, खिशात मावेल असा. गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं वरचा भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस आत सरकतं. लागोपाठ गोळ्या झाडता येतात. पण या साखळीतली एक कडी जरी अडली, काडतूस खराब निघालं किंवा आत घाण साचली, तर सगळं थांबतं. एकांतात, निवांत असताना अडलेलं पिस्तूल मोकळं करता येतं. भरलेल्या नाट्यगृहात नाही.

टिकाऊपणा आणि वजन यांचं हे गणित पुढेही सुटलं नाही. ज्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरचं नाव आपण सिनेमामुळे ऐकतो, ते जॅक्सनवधानंतर पंचवीस वर्षांनी, १९३५ साली आलं. मॅग्नम म्हणजे खरं तर जास्त ताकदीचं काडतूस. त्याचा दाब इतका, की हलक्या सांगाड्याच्या रिव्हॉल्व्हरमधून तशा गोळ्या सतत झाडल्या तर सांधे सैल पडायचे, नळीचं मागचं तोंड झिजायचं. जड सांगाड्याची हत्यारं मात्र वर्षानुवर्षं टिकायची. थोडक्यात, टिकाऊ हवं तर जड घ्या, लपवायचं तर हलकं घ्या. दोन्ही एकदम मिळणं अवघड. नाशिकच्या मुलांपुढे निवड अशी नव्हतीच. लपवून आणता येईल आणि लपवून नेता येईल, तेच त्यांच्यापर्यंत पोहोचलं.

शिवाय सराव कुठे करणार? गोळीचा आवाज झाला की संपलं. काडतुसं मोजकी, सैन्यात कधी गेलेलं कुणी नाही. मग हत्यारानं दगा दिला किंवा नेम चुकला तर काय? या प्रश्नाला त्यांनी माणसं हे उत्तर दिलं. पहिला अनंत. त्याचा प्रयत्न फसला तर देशपांडे. तोही फसला तर कर्वे. आजच्या भाषेत प्लॅन ए, बी आणि सी. फक्त इथे प्रत्येक प्लॅन म्हणजे एक जीव होता. काम झाल्यावर जिवंत पकडलं जाऊन साथीदारांची नावं बाहेर पडू नयेत, म्हणून अनंत विष घेऊन किंवा स्वतःवर गोळी झाडून आयुष्य संपवणार होता. ते त्यानं आधीच मान्य केलं होतं.

२१ डिसेंबर १९०९

आधी बेत होता जानेवारीचा. पण जॅक्सनला बढती मिळाली आणि तो नाशिक सोडून जाणार अशी बातमी आली. तो गेला तर संधी गेली. घाई झाली.

जॅक्सनच्या निरोपानिमित्त जुन्या नाशकातल्या विजयानंद नाट्यगृहात संगीत शारदा या नाटकाचा प्रयोग ठरला. किर्लोस्कर नाटक मंडळींचा प्रयोग, गोविंद बल्लाळ देवलांचं नाटक. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात मारल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची ती गोष्ट. नाटकाचा नाद असलेल्या नाशिककरांनी नाट्यगृह भरलं होतं. अनंत, देशपांडे आणि कर्वे त्या गर्दीतच होते.

जॅक्सन आत आला. अनंत त्याच्या समोर गेला आणि गोळ्या झाडल्या. पिस्तूल अडलं नाही. जॅक्सन जागीच कोसळला. देशपांडे आणि कर्व्यांवर पिस्तूल काढायची वेळच आली नाही.

पण पुढचा भाग ठरल्याप्रमाणे झाला नाही. पळशीकर आणि मारुतराव तोरडमल हे जवळ असलेले अधिकारी अनंतवर धावून गेले. पळशीकरांनी त्याला दंडुक्याने मारलं, बाकीच्यांनी धरलं. त्याला स्वतःवर गोळी झाडता आली नाही, विषही घेता आलं नाही. ज्या यंत्राची सगळ्यात जास्त काळजी होती, ते चाललं. योजनेतला जो भाग फक्त माणसाच्या हातात होता, तो फसला.

चार महिने

तिथून सगळं भराभर घडलं. काही दिवसांत पकडापकडी सुरू झाली. पकडलेल्यांकडून नावं निघत गेली, एकाकडून दुसऱ्याचा पत्ता लागत गेला. कर्वे आणि देशपांडेही सापडले. मुंबई हायकोर्टात खटला चालला आणि २९ मार्च १९१० रोजी निकाल लागला. अनंत, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी. इतर काहींना काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

१९ एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगात तिघांना फाशी दिली गेली. नाट्यगृहातल्या रात्रीपासून चार महिनेही पुरे झाले नव्हते. आपलं एक सेमिस्टर याहून मोठं असतं. फाशीच्या वेळी तिघांपैकी कुणाचाही नातेवाईक हजर नव्हता. मृतदेह घरच्यांना दिले नाहीत, तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनीच ते जाळले. राखही मिळाली नाही, ती ठाण्याजवळ पाण्यात टाकून दिली गेली.

त्या पिस्तुलांचा माग थेट लंडनपर्यंत गेला. सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये अटक झाली होती. पुढे त्यांना दोन जन्मठेपी झाल्या, त्यातली दुसरी जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल. वीस पिस्तुलांच्या त्या पेटीनं अंदमानचा रस्ताही उघडला.

त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला जवळपास अशीच गोष्ट घडत होती. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी मांचुरियातल्या हार्बिन स्टेशनवर आन जुंग-गुन या कोरियन तरुणानं जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना गोळ्या घातल्या. हत्यार ब्राउनिंगचंच. २६ मार्च १९१० रोजी, म्हणजे अनंतच्या निकालाच्या तीन दिवस आधी, त्याला फाशी झाली. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याची शक्यता जवळपास नाही. पण बेल्जियमचा तोच कारखाना दोघांच्या चरित्रात आहे. आज आनचं नाव कोरियातल्या शाळकरी मुलांना माहीत असतं. सोलमध्ये त्याचं स्मारक संग्रहालय आहे.

मग टिकलं काय?

हत्यारांची तुलना करणारे लोक किती हजार गोळ्या झाडल्यावर सांगाडा सैल पडतो, कोणतं मॉडेल वर्षानुवर्षं चालतं, याचे हिशोब मांडतात. अनंतच्या पिस्तुलाला टिकायची गरजच नव्हती. त्याच्याकडून काही सेकंदांचं काम हवं होतं आणि ते त्यानं केलं. ज्या हातात ते होतं, तो हात मात्र चार महिन्यांत संपला.

त्यानं केलं ते बरोबर होतं का? यावर कॉलेजच्या कँटीनमध्ये वाद घातला तर दोन तट पडतील आणि पडायलाच हवेत. परकी सत्ता कविता छापल्याबद्दल जन्मठेप देते, तेव्हा एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलापुढे कोणते रस्ते उरतात, हा प्रश्न खरा आहे. समोरचा माणूस जिल्ह्याचा कलेक्टर होता आणि लोककथा गोळा करणारा अभ्यासकही होता, हेही खरं आहे. अनंतला मोठं करायला जॅक्सनला राक्षस करायची गरज नाही. आणि जॅक्सनची विद्वत्ता सांगितली म्हणून अनंतचा त्याग कमी होत नाही.

खटकतं ते वेगळंच. आपण त्याला हुतात्मा म्हटलं, मैदानाला नाव दिलं आणि मग ते नाव उच्चारायचंच सोडून दिलं. मित्रावर कादंबरी लिहिणारा, घरापासून लांब शिकायला राहिलेला, पैजेखातर तापलेल्या काचेवर हात ठेवणारा मुलगा आपल्याला परका नाही. तसा एखादा आपल्या वर्गात, आपल्या एसटीत शेजारच्या सीटवर बसलेला असतो. अनंतला त्याच्यासारखी पुढची चाळीस-पन्नास वर्षं मिळाली नाहीत. आपल्याला ती मिळणार आहेत.

पुढच्या वेळी ग्रुपवर मैदानावर भेटायचं ठरेल, तेव्हा लोकेशन टाकताना पूर्ण नाव लिहून बघा. कुणीतरी विचारेल, हे कुठे आलं? मग सांगा.

ठळक तारखा

१८९२: अनंत कान्हेरे यांचा जन्म, आयनी (ता. खेड, जि. रत्नागिरी)
१९०४: अभिनव भारतची स्थापना
१९०९, सुरुवात: वीस ब्राउनिंग पिस्तुलं लंडनहून भारतात
१९०९, जून: बाबाराव सावरकरांना जन्मठेप
२१ डिसेंबर १९०९: विजयानंद नाट्यगृहात जॅक्सनचा वध
२९ मार्च १९१०: मुंबई हायकोर्टाचा निकाल
१९ एप्रिल १९१०: कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्यात फाशी